मनगटावरचा निळा दोरा

वेळ ही एकच गोष्ट निसर्गाने राजाला आणि रंकाला सारखी वाटून दिली आहे. बियाणे कंपनीने शहरातून बोलावलेल्या बाईंनी शाळेच्या पडवीत, फळ्याला पाठ लावून हे वाक्य उच्चारलं तेव्हा समोर बसलेल्या बायकांनी माना डोलावल्या. माना डोलावल्याशिवाय चहा येत नाही, हा मागच्या शिबिरांचा अनुभव होता. बाईंना परत न्यायला बाहेर गाडी उभी होती आणि तिचं इंजिन चालू होतं. वाटणीत बाईंच्या वाट्याला वेळ जरा कमीच आला असावा.

शिबिराचा विषय होता ‘कामकरी मातांसाठी वेळेचं नियोजन आणि एकाग्रता’. बाई म्हणाल्या, पहाटे लवकर उठा. समोरच्या बायका उजाडायच्या आत पाणी भरून, धुणं वाळत घालून आल्या होत्या. त्यांनी उठू म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, एका वेळी एकच काम करा. यावर मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि खोकल्यासारखं केलं. बाई म्हणाल्या, घरात मदत मागायला लाजू नका.

“कुणाकडे मागायची ते पण सांगा,” पुढच्या रांगेतली एक जाडजूड बाई म्हणाली. “आमचे मालक ओट्यावरच असतात. ते नाही लाजत.”

ही गावातल्या एका ड्रायव्हरच्या बायकोची जाऊ. ड्रायव्हरची बायको तिच्याच शेजारी बसली होती आणि तिचं लक्ष बाईंपेक्षा उन्हाकडे होतं. ऊन फळ्याच्या चौकटीपर्यंत आलं होतं. म्हणजे शेतावरची आजची क्रॉसिंग बुडाली, ती कंपनीच्याच परवानगीने.

चौथी गोष्ट मात्र तिने ऐकली. बाई म्हणाल्या, झालेल्या कामाला खूण करा. डोक्यात ठेवू नका. डोकं रिकामं राहिलं की लक्ष हातातल्या कामावर राहतं.

“हे बरंय,” ती जावेला म्हणाली.

“आपलं डोकं रिकामंच आहे असं घरी म्हणतातच की,” जाऊ म्हणाली. “आता खूण तेवढी करायची.”

खूण करणं तिला नवीन नव्हतं. दोघी जावांचा मिळून भेंडीचा बियाण्याचा प्लॉट होता. भेंडी खायची नव्हे, बियाण्याची, आणि तिची लग्नं हाताने लावावी लागतात, त्यालाच क्रॉसिंग म्हणतात. एका बाजूला नराच्या ओळी, दुसऱ्या बाजूला मादीच्या. संध्याकाळी मादीच्या ओळीतली उद्या उमलणारी कळी ओळखायची, नखाने गोल चिरून पाकळ्या आणि पुंकेसर सोलून काढायचे, मधली नाजूक दांडी तेवढी ठेवायची आणि वर लाल कागदाची टोपी चढवायची. सकाळी टोपी काढायची, नराचं ताजं फूल त्या दांडीवर फिरवायचं, टोपी परत घालायची आणि देठाला दोरा बांधायचा. दोरा असलेली शेंग बियाण्याची. दोरा नसलेली शेंग कितीही टपोरी असली तरी तोडून फेकायची. ऊन चढलं की नराचं फूल मान टाकतं आणि मग ते फिरवलं काय न फिरवलं काय, सारखंच.

प्रत्येक बाईच्या दोऱ्याचा रंग वेगळा असे. चूक झाली तर कुणाची ते कळावं म्हणून. जावेचा हिरवा, तिचा निळा. सकाळभर ती दोऱ्यांची लडी गळ्यात अडकवून ओळीतून वाकून चालायची. भेंडीच्या बारीक लवेने हात कोपरापर्यंत खाजत. खाजवायला थांबलं तर फूल चुकतं आणि नाही खाजवलं तर लक्ष चुकतं. म्हणून ती दातांनी ओठ धरायची. हंगामात तिच्या खालच्या ओठावर कायम एक लहानशी जखम असे.

शिबिराच्या दुसऱ्या दिवसापासून निळा दोरा घरात आला.

कालवणात मीठ घातलं की पातेल्याच्या कानाला दोरा. कोंबड्यांना दाणे टाकले की खुराड्याच्या कडीला. पाण्याची मोटर बंद केली की दाराच्या खिळ्याला. सासूबाईंची डोळ्यांत घालायची औषधं झाली की त्यांच्या काठीला. सासूबाईंना काठीच दिसत नसे तर दोरा कुठला, त्या बोटाने चाचपून बघायच्या आणि म्हणायच्या, “घातलं वाटतं मघाशी.”

आणि औषध दिलं की बटणच्या मनगटाला. सकाळचा डोस झाला की उजव्या मनगटाला, संध्याकाळचा झाला की डाव्या. रात्री निजताना सगळे दोरे सोडायचे, सकाळी नव्याने सुरू.

बटण म्हणजे तिची लहानगी मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून सुईणीने ठेवलेलं नाव, ते शाळेत जाईपर्यंत चालवायचं ठरलं होतं. शाळेला अजून अवकाश होता. बटणला एका तापात झटका आला होता आणि तेव्हापासून झटका येऊ नये म्हणून सिरप चालू होतं. एक टोपण सकाळी, एक संध्याकाळी. डोस चुकवायचा नाही, दुप्पट द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी दोन बोटं वर करून सांगितलं होतं. मागच्या हंगामात क्रॉसिंगच्या गडबडीत तिने एकदा डोस चुकवला. बटण बांधावर खेळता खेळता ताठ झाली, डोळे वर गेले, तोंडाला फेस आला. पोर भानावर आली तेव्हा तिच्या कपाळाला माती होती आणि आईच्या मुठीत नराची चुरगळलेली फुलं होती. त्या दिवसापासून आईला एकच भीती: डोस चुकायला नको. दुप्पट होण्याची भीती डॉक्टरांची होती. ती तिच्यापर्यंत पोचली नव्हती.

तेव्हा बटण बांधावर तरी असे. यंदा कंपनीने प्लॉटच्या तोंडाशी पाटी लावली: लहान मुलांना आत आणू नये. मुलांकडून काम करून घेतलं जातं अशी कुठेतरी ओरड झाली होती. नियम चांगला होता. वाईट नियमाशी भांडता तरी येतं.

“छत्रीखाली बसून राहील साहेब, हात पण लावणार नाही,” तिने सुपरवायझरला सांगून पाहिलं.

“वहिनी, मला कळतंय. पण फोटो निघाला तर माझी नोकरी जाते,” सुपरवायझर म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याची मोटरसायकलही वाईट नव्हती. दोघंही वेळेवर येत.

म्हणून बटण घरी राहू लागली, आजीपाशी. आजीला उजेड आणि अंधार यांतला फरक कळे, त्यापलीकडचं सगळं ती हाताने बघे. नवरा लांबच्या गाडीवर ड्रायव्हर. तो घरी येई तेव्हा पाहुण्यासारखं वागवावं लागे, कारण दमलेला असे.

औषधाची रीत ठरलेली होती. शेतावर निघण्याआधी ती उंबऱ्यावर बसायची, बटणला मांडीवर घ्यायची, टोपण भरून तिच्या ओठाला लावायची. सिरपला संत्र्याचा वास होता. बटण ते घाईने पीत नसे. घोट तोंडात धरून ठेवी, गालातल्या गालात फिरवी, शेवटचा थेंब जिभेवर घेऊन दाखवी. तोवर आईला उठता येत नसे. उठलं की औषध अंगावर सांडतं. मग आई ओल्या बोटाने तिचे ओठ पुसायची, लडीतून दोरा तोडायची, मनगटाला दोन गाठी मारायची आणि उठायची. दिवसभरात ती बसायची ती एवढीच. चहासुद्धा उभ्याने.

यंदा उन्हाचा कडाका अचानक आला आणि सगळा प्लॉट एकदमच कळीवर आला. संध्याकाळी कळ्या सोलून संपत नव्हत्या, सकाळी टोप्या काढून संपत नव्हत्या. जाऊ म्हणाली, “या झाडांना पण कुणीतरी वेळेचं नियोजन शिकवा.” सुपरवायझर म्हणाला, आठवडाभर दम काढा, यंदाचा माल हाच. ती मधेच घरी येई, भात चुलीवर टाकी, कोंबड्या बघे, दारातून आत डोकावे. डोळ्यांपुढे मात्र लाल टोप्याच असत. पातेल्याच्या झाकणाकडे बघून ते काढावं की ठेवावं असं तिला एकदा वाटून गेलं. कुठलं काम झालं, कुठलं राहिलं हे ती आता आठवतच नसे. दोरा बघे. दोरा असेल तर झालं, नसेल तर करायचं. बाईंनी सांगितल्याप्रमाणे डोकं रिकामं झालं होतं.

बाई पुन्हा आल्या तेव्हा सुपरवायझर त्यांना मुद्दाम तिच्या घरी घेऊन आला. बाईंनी पातेल्याचा दोरा पाहिला, खुराड्याचा पाहिला. बटणचं मनगट हातात घेऊन फोटो काढला.

“बघा, अडाणी म्हणतो आपण,” बाई सुपरवायझरला म्हणाल्या. तिला त्या म्हणाल्या, “तुम्ही तर आमच्या पुढे गेलात.”

ती ओशाळून हसली. तिला पुढे नव्हे, शेतावर जायचं होतं.

याच सुमारास बटण शांत झाली. आधी दिवसभर आजीच्या काठीशी, कोंबड्यांशी, भिंतीशी बोलायची. आता दुपारी निजायची ती संध्याकाळपर्यंत. उठली तरी पाय वाकडे पडायचे, बोलताना शब्द ओघळायचे. पोरगी त्रास देत नाही हे पाहून घरातल्या सगळ्यांना बरं वाटलं.

“शहाणी झाली गं,” जाऊ म्हणाली. “माझ्या दोघांना पण बांध की दोरा.”

“फार निजते ही,” सासूबाई म्हणाल्या. “ऊन बाधलं असेल का?”

“आई, घरात कुठलं ऊन?” ती म्हणाली. “निजू द्या. निजली की वाढते.”

मग बाटली संपली. महिन्याची बाटली होती आणि महिना बराच बाकी होता. तिने बाटली उजेडात धरली, उलटी करून तळहातावर आपटली. उंबऱ्याजवळ जमीन चिकट होती, मुंग्या लागल्या होत्या.

“आई, तुम्ही बाटलीला हात लावलात?”

“मी कशाला लावू?”

“सांडली असेल तर सांगा. मी काही म्हणत नाही.”

“सांडली असती तर वास नसता आला मला? डोळे गेलेत, नाक आहे अजून.”

“खाली मुंग्या आहेत.”

सासूबाई काठी चाचपत राहिल्या. “असेल बाई लागला हात,” त्या शेवटी म्हणाल्या. “मला काय दिसतंय.”

त्यानंतर तिने बाटली फळीवर उंच ठेवली, सासूबाईंचा हात पोचणार नाही अशी. सासूबाईंनी हे पाहिलं नाही, पण फळीचं लाकूड वाजलेलं ऐकलं. औषधवाला नवी बाटली देताना म्हणाला, “लवकर संपली?” ती म्हणाली, “घरात म्हातारं माणूस आहे.” औषधवाल्याने समजून मान हलवली. त्याच्याही घरात होतं.

कंपनीची तपासणी होती त्या दिवशी तिला पहाटेपासून घाई होती. भात टाकला, कोंबड्या सोडल्या, दोरे बांधले. बटणला औषध दिलं. नराची फुलं तोडून डब्यात भरून आणली, डब्यावर टाकायला ओलं फडकं हवं म्हणून घरात आली. बटण दारातच उभी होती, दोन्ही हात पुढे करून. मनगट रिकामं.

तिने मनगट पाहिलं, कपाळाला हात लावला, उंबऱ्यावर बसली. बटण मांडीत चढली. टोपण, संत्र्याचा वास, गालातल्या गालात घोट. “चल, लवकर गीळ, फुलं माना टाकतील,” ती म्हणाली. बटणने डोकं तिच्या छातीवर टेकलं आणि शेवटचा थेंब बराच वेळ जिभेवर ठेवला. मग दोरा, दोन गाठी.

एका सकाळी दोनदा औषध कसं दिलं गेलं असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. कुणी विचारलं नाही.

शेतावर दुसऱ्या ओळीच्या टोकाला ती पोचली तेव्हा बांधावरून सासूबाईंचा आवाज आला. सासूबाई कधी शेतापर्यंत येत नसत. काठी पुढे, एक चप्पल पायात, दुसरी कुठेतरी वाटेत.

“अगं, ती उठत नाही,” त्या म्हणाल्या. “हलवली, पाणी मारलं. ओली झाली, पण उठत नाही.”

तिने डबा टाकला. फुलं सरीत सांडली. सुपरवायझर तपासणीचे साहेब येणार म्हणून नवा शर्ट घालून पाटीपाशी उभा होता. त्याने काही न विचारता मोटरसायकल चालू केली. घरून पोरीला उचललं. बटण आईच्या आणि त्याच्या पाठीच्या मधे होती, ओल्या कपड्यासारखी. श्वास चालू होता, पण एक घेतला की दुसरा घ्यायचं विसरल्यासारखं करत होती. प्रत्येक वेळी आई तिच्या कानाशी म्हणायची, “घे.”

मोठ्या दवाखान्यात नळ्या लावल्या. तरुण डॉक्टरीण होती. तिने बटणची पापणी उचलून पाहिली.

“सिरप किती दिलं?”

“एक टोपण. रोजचं.”

“नक्की आठवतंय?”

“आठवायचं काम नाही,” ती म्हणाली. “दोरा बांधते मी. दिलं की दोरा. हे बघा.” तिने बटणचा उजवा हात चादरीतून काढून दाखवला. दोरा होता. मग तिला वाटलं तो दाखवण्यासारखा आहे, म्हणून ती म्हणाली, “शिबिराच्या बाईंनी फोटो पण काढलाय.”

डॉक्टरीण म्हणाली, “रक्तात भरपूर औषध आहे. एका दिवसाचं नाही हे. बरेच दिवस जास्त जातंय.”

“कसं जाईल? दोरा असला तर मी देतच नाही.”

डॉक्टरणीने यावर काही लिहिलं नाही. दोऱ्यासाठी कागदावर रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊ सासूबाईंना घेऊन दवाखान्यात आली. सासूबाईंच्या हातात बटणची चिंध्यांची बाहुली होती. पोरगी जागी झाली की मागेल म्हणून त्यांनी अंथरुणाखालून चाचपून काढली होती.

“हिच्या गळ्यात काय आहे बघ बरं,” त्या म्हणाल्या. “मला दोऱ्यासारखं लागतंय.”

बाहुलीच्या गळ्यात, दोन्ही हातांत, दोन्ही पायांत निळे दोरे होते. काही गाठीसकट मनगटावरून ओढून काढलेले, काही दातांनी तोडलेले. पायात जागा संपली म्हणून बाकीचे केसांत खोचले होते.

जाऊ काहीतरी विनोद करणार होती. त्याऐवजी तिने बाहुली बटणच्या आईच्या हातात दिली.

बटण संध्याकाळी जागी झाली. आधी नळीकडे पाहिलं, मग आईकडे. आई खाटेच्या कडेला उभीच होती. स्टूल होतं, पण तिला बसायचं सुचलं नव्हतं.

“दोरा का काढायचीस गं?” तिने विचारलं. रागाने नाही. राग यायला बळ लागतं.

बटणची जीभ अजून जड होती. “दोरा नसला की तू घेतेस,” ती म्हणाली.

तिने स्टूल ओढलं आणि बसली. बटणला मांडीवर घेता येईना, नळ्या होत्या. तिने नुसता हात हातात घेतला. भेंडीच्या लवेने तिचे हात अजून खाजत होते. तिने ते हलवले नाहीत.

मग ती सासूबाईंना म्हणाली, “आई, बाटली तुम्ही सांडली नव्हती.”

“मला माहीत आहे की,” सासूबाई म्हणाल्या. “मी कुठे म्हणत होते सांडली म्हणून?” मग काठी दुसऱ्या हातात घेत त्या म्हणाल्या, “आता तेवढी फळीवरून खाली ठेव. मलाच तर द्यावं लागेल, तू शेतावर गेलीस की.”

नवरा गाडी घेऊन तिसऱ्या दिवशी पोचला. दारातूनच त्याने बटण बोलतेय का ते पाहिलं. बोलत होती, हळू. तो खाली बसला आणि डोकं भिंतीला टेकलं. त्याचे डोळे लाल होते. झोपेने की कशाने ते ड्रायव्हरच्या बाबतीत सांगता येत नाही.

“प्लॉटचं काय झालं?” त्याने विचारलं.

“फुलं गेली. तुमच्या वहिनीने तिच्या बाजूची केली. माझ्या ओळी तशाच.”

“सगळ्या?”

“ऐन बहरातल्या.”

पुढे हंगाम संपताना तपासणीचे साहेब आले आणि दोरा नसलेल्या शेंगा तोडायला सांगून गेले. ती आपल्या ओळीतून चालत गेली आणि शेंगा तोडत गेली. टपोऱ्या होत्या. टोप्या उन्हाने विटून देठांवरच राहिल्या होत्या. जाऊ शेजारच्या ओळीत होती. ती त्या दिवशी एकही विनोद न करता तिच्या बाजूने तोडू लागली.

शिबिर पुढच्या वर्षीही झालं. बाई त्याच होत्या. त्यांनी पडद्यावर लहान मुलीच्या मनगटाचा फोटो दाखवला, निळ्या दोऱ्याचा, आणि म्हणाल्या की ही युक्ती तुमच्यातल्याच एका आईची आहे. बायकांनी माना डोलावल्या आणि मग एकेक करून ड्रायव्हरच्या बायकोकडे बघू लागल्या. सुपरवायझर पुढे होऊन बाईंच्या कानाशी काहीतरी बोलला. बाईंनी चटकन पुढचं चित्र लावलं. ते घड्याळाचं होतं. बाहेर गाडीचं इंजिन चालू होतं.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा बटण उंबऱ्यावर बसली होती. तब्येत ठीक आहे. पाय सरळ पडतात, शब्द ओघळत नाहीत. फक्त आईला घाईत पाहिलं की ती बाजूला सरकून वाट देते.

डॉक्टरणीने सिरप बंद केलं आहे. आता गोळी आहे. आजी डबीतून चाचपून एक काढून तिच्या तळहातावर ठेवते. दिवसातून एकदाच असते, आणि ती पाण्याबरोबर उभ्याउभ्या घेता येते.